स्वस्त फ्लॅश घेताना आपण नेमके काय सोडून देतो?

कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा फ्लॅश आणि त्याच कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या एखाद्या कंपनीने बनवलेला फ्लॅश शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर वरकरणी दोघांत फारसा फरक दिसत नाही. किमती पाहिल्या, की मात्र डोळे विस्फारतात. एवढ्या तफावतीचा अर्थ लावताना नवखा माणूस बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर महाग फ्लॅशमधून निघणारा प्रकाशच मुळात उच्च प्रतीचा असणार, अशी त्याची समजूत होते. नाही तर नावाजलेल्या कंपन्या केवळ नावाचे पैसे उकळतात, असा निष्कर्ष काढून तो मिळेल तो स्वस्त फ्लॅश उचलतो. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. दोन्ही प्रकारचे फ्लॅश बरीच वर्षे हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की किमतीतला बराचसा फरक प्रकाशाचा नाही. तो कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यात चालणाऱ्या संभाषणाचा आहे. त्यामुळे स्वस्त फ्लॅश निवडताना ‘याचा प्रकाश चांगला आहे का’ यापेक्षा ‘या संभाषणातले मला किती लागते’ हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा.

प्रकाश निर्माण करण्याची रीत सगळीकडे एकच आहे. एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे तंत्र विकसित केले आणि तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही: सेलमधली वीज शेकडो व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये साठवायची आणि मग वायूने भरलेल्या काचेच्या नळीतून ती एका क्षणात सोडून द्यायची. आजच्या फ्लॅशमध्ये ही नळी झेनॉनची असते आणि प्रकाश किती वेळ चालू ठेवायचा हे एक इलेक्ट्रॉनिक स्विच ठरवतो. आपण ताकद कमी करतो, तेव्हा फ्लॅश मंद पेटत नाही. तो फक्त लवकर विझतो. पूर्ण ताकदीला एखाद्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका टिकत असेल, तर सर्वांत कमी ताकदीला तो सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात संपलेला असतो. हे सारे घटक आज इतके सर्वसाधारण झाले आहेत, की नळी आणि कपॅसिटर यांच्या जोरावर कोणी फार मोठी किंमत मागू शकत नाही.

खरी गंमत हॉट शूमध्ये आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या त्या धातूच्या खाचेत जरा वाकून पाहिले, तर मध्यभागी एक मोठा संपर्कबिंदू दिसतो आणि त्याच्या आजूबाजूला काही छोटे बिंदू. मधला बिंदू फक्त एकच आज्ञा देतो, ती म्हणजे ‘आता पेट’. बाकीच्या छोट्या बिंदूंमधून लेन्स किती मिलिमीटरवर आहे, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किती आहेत आणि फ्लॅशने नेमकी किती ताकद वापरावी, असा सगळा संवाद चालतो. मधल्या बिंदूची जागा आणि खाचेची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत, त्यामुळे एका कंपनीचा साधा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसतो आणि पेटतोही. छोट्या बिंदूंची संख्या, त्यांची मांडणी आणि त्यांची भाषा मात्र प्रत्येक कंपनीने स्वतःपुरती ठरवलेली आहे, आणि ती भाषा त्या सहजासहजी इतरांच्या हाती देत नाहीत. गोडॉक्स किंवा योंगनुओ यांसारख्या बाहेरच्या कंपन्यांना ती बहुतांशी उलगडून, तपासून, अंदाज घेत शिकावी लागते.

या भाषेलाही इतिहास आहे. लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजून फ्लॅश योग्य क्षणी विझवायचा, हे टीटीएल (थ्रू द लेन्स, म्हणजे ‘लेन्समधून’) तंत्र ओलिंपसने १९७५ च्या ओएम-२ या कॅमेऱ्यात आणले. तेथे फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश चित्र टिपले जात असतानाच मोजला जाई. पुढे कॅननने १९९५ मध्ये ई-टीटीएल आणले आणि निकॉनने २००३ मध्ये आय-टीटीएल. या पद्धतींत शटर उघडण्याच्या आधी फ्लॅश एक क्षीण झोत सोडतो, तो परतून लेन्समधून आत येतो, कॅमेरा तो मोजतो आणि त्यावरून मुख्य झोताची ताकद ठरवतो. हे सगळे इतक्या झटपट होते, की समोरच्या माणसाला एकच लखलखाट दिसतो. (ज्यांच्या पापण्या फार चपळ असतात, त्यांचे डोळे मात्र या पहिल्या झोतानेच मिटू लागतात आणि छायाचित्रात ते अर्धमिटले येतात, हा दोष फ्लॅशच्या किमतीवर अवलंबून नाही.)

म्हणजे बाजारातले बाहेरच्या कंपन्यांचे फ्लॅश ढोबळमानाने दोन जातींचे. एक, ज्यांना फक्त ‘आता पेट’ एवढेच कळते आणि ज्यांची ताकद आपण हाताने ठरवतो, म्हणजे मॅन्युअल. उदाहरणार्थ योंगनुओचा वायएन५६० किंवा गोडॉक्सचा टीटी६००. दुसरे, ज्यांना कॅमेऱ्याची भाषा शिकवलेली आहे, म्हणजे टीटीएल. उदाहरणार्थ गोडॉक्सचे टीटी६८५ आणि व्ही८६०. या दुसऱ्या जातीत प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी वेगळी आवृत्ती असते आणि नावाच्या शेवटी कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस अशी अक्षरे असतात. घाईत मागणी नोंदवताना या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाले, की घरी आलेला महागातला फ्लॅश आपल्या कॅमेऱ्यावर केवळ मॅन्युअल फ्लॅश म्हणून उरतो.

टीटीएल हवे की नको, हा निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपण कशाची छायाचित्रे काढतो यात दडलेले आहे. वस्तू, टेबलावरचे पदार्थ, बैठे व्यक्तिचित्र, फुले, कीटक, म्हणजे जेथे फ्लॅश आणि विषय यांच्यातले अंतर जवळजवळ बदलत नाही, तेथे मॅन्युअल फ्लॅश नुसता पुरतो असे नाही, तो अधिक सोयीचा ठरतो. एकदा ताकद जुळवली, की पुढची सगळी छायाचित्रे एकसारखी येतात. टीटीएल मात्र प्रत्येक चित्रासाठी नव्याने विचार करते. समोरच्या माणसाने पांढरा सदरा घातला असेल तर ते बिचकून प्रकाश कमी करते, काळा कोट असेल तर चेहरा पांढराफटक करून ठेवते, आणि चौकटीत एखादी आरशाची कड आली, की आणखी काही वेगळेच ठरवते. हा दोष स्वस्त फ्लॅशचा नव्हे. मोजणी कॅमेरा करतो आणि ती त्याच कंपनीच्या महाग फ्लॅशबरोबरही अशीच फसते. याउलट धावणारे मूल, गर्दीतून वाट काढत चाललेला पाहुणा, एका क्षणी दोन मीटरवर आणि दुसऱ्या क्षणी पाच मीटरवर असलेले चेहरे, असे काम असेल, तर टीटीएलला पर्याय नाही. अंतर दुप्पट झाले, की विषयावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. दर पावलागणिक हे गणित मनात करून ताकदीचे बटण दाबत बसणे कोणाच्याच आवाक्यातले नाही.

मॅन्युअलची भीती पुष्कळांना वाटते ती या गणितामुळेच, आणि ते गणित एकदा सावकाश करून पाहिले तर भीती बरीचशी ओसरते. फ्लॅशचा गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला मीटरमधले अंतर आणि अ‍ॅपर्चर यांचा गुणाकार. समजा, एका फ्लॅशचा गाइड नंबर ३५ मिलिमीटरच्या झूमला ३६ आहे. आपण खोलीत त्याचे डोके छताकडे वळवले आहे आणि फ्लॅशपासून छत आणि छतापासून माणूस असा प्रकाशाचा एकूण प्रवास सुमारे चार मीटरचा आहे. छत्तीसला चाराने भागले, की एफ/९ आले. थेट प्रकाश टाकला असता, तर पूर्ण ताकदीला एवढे अ‍ॅपर्चर लागले असते. पण पांढरे छतसुद्धा प्रकाश पसरवताना आणि शोषताना दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) खाऊन टाकते, म्हणून प्रत्यक्षात एफ/४ धरायचे. आता आयएसओ १०० वरून ८०० वर नेला, म्हणजे तीन स्टॉप मिळाले; ते तीन स्टॉप फ्लॅशच्या ताकदीतून वजा केले, की एक अष्टमांश ताकद पुरते. एफ/४, आयएसओ ८००, ताकद एक अष्टमांश. सर्वसाधारण उंचीच्या, पांढऱ्या छताच्या कोणत्याही खोलीत मी याच आकड्यांपासून सुरुवात करते, एक चित्र काढून पाहते आणि ताकद एखाद्या पायरीने वर किंवा खाली नेते. छताची उंची कार्यक्रमाच्या मध्यावर बदलत नसल्यामुळे, बाउन्स केलेल्या प्रकाशात मॅन्युअल फ्लॅश लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ साथ देतो.

गाइड नंबरचा विषय निघालाच आहे, तर जाहिरातीतल्या आकड्याबद्दलही सांगायला हवे. खोक्यावर ठळक अक्षरांत ६० लिहिलेले असते, पण तो आकडा फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरला झूम केले असताना, म्हणजे सगळा प्रकाश एका अरुंद झोतात एकवटलेला असताना मोजलेला असतो. दुसरा कोणी १०५ मिलिमीटरला मोजून ५८ लिहितो, तिसरा ३५ मिलिमीटरला मोजून ३४ लिहितो, आणि तिन्ही फ्लॅश प्रत्यक्षात एकमेकांच्या जवळपास जाणारे असू शकतात. कोणत्या झूमला मोजले हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा वाचूच नये. शिवाय हा आकडा अंतराशी जोडलेला असल्यामुळे त्याच्यातला फरक वाटतो त्याहून वेगळा असतो: एकाच झूमला मोजलेल्या ४३ आणि ६० या आकड्यांत फक्त एका स्टॉपचे अंतर आहे, म्हणजे आयएसओ २०० वरून ४०० वर नेण्याइतके. तरीही जागा आणि वजन यांची अडचण नसेल, तर मी मोठाच फ्लॅश घ्यावा असे म्हणेन, आणि त्याचे कारण जास्तीचा प्रकाश हे नाही. मोठ्या फ्लॅशला तेच काम अर्ध्या ताकदीत करता येते, त्यामुळे तो लवकर भरतो, कमी तापतो आणि सेल जास्त वेळ पुरवतो.

ज्या बाबतीत तडजोड करू नये अशी पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅशचे डोके. ते वर-खाली तर झुकले पाहिजेच, पण डावीकडे-उजवीकडेही वळले पाहिजे, आणि शक्य तर दोन्ही बाजूंना पूर्ण १८० अंशांपर्यंत. फक्त वर झुकणारे डोके कॅमेरा आडवा धरलेला असेपर्यंत ठीक चालते. व्यक्तिचित्रासाठी कॅमेरा उभा केला, की तेच डोके छताऐवजी भिंतीकडे पाहू लागते आणि त्याला परत छताकडे वळवण्याची सोय नसते. कॅमेऱ्याच्या अंगच्या छोट्या फ्लॅशला लोक नावे ठेवतात ती त्याच्या कमी ताकदीमुळे असे त्यांना वाटते. तो गाइड नंबर साधारण १२ च्या आसपासचा असतो हे खरे, पण खरा दोष त्याच्या जागेचा आहे. लेन्सच्या अगदी डोक्यावरून, समोरून, नखाएवढ्या पृष्ठभागातून आलेला प्रकाश चेहऱ्यावरचे सगळे चढउतार पुसून टाकतो आणि मागच्या भिंतीवर काळी कडक सावली उभी करतो. तोच फ्लॅश छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर टाकला, की प्रकाशाचा स्रोत बोटभर राहत नाही, ती पूर्ण भिंतच स्रोत होते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर कोणाला तरी भिंतीपासून हातभर अंतरावर बसवावे, आधी फ्लॅश थेट मारावा, मग डोके डाव्या भिंतीकडे वळवून मारावा आणि दोन्ही चित्रांत फक्त नाकाची सावली पाहावी. पहिल्यात नाकाला सावली जवळजवळ नसतेच. दुसऱ्यात ती उजव्या गालावर तिरकी, मऊ कडांची उतरते आणि त्या एका सावलीमुळे नाकाला उंची येते, गालाला गोलाई येते. हा फरक कोणत्याही महाग टीटीएलने साधत नाही. तो बिजागरीने साधतो.

या संदर्भात डोक्यावर बसवायच्या दुधी प्लास्टिकच्या टोप्यांबद्दल माझे मत फारसे बरे नाही. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत त्या थोडे काम करतात, कारण त्या प्रकाश चहूबाजूंना उधळतात आणि तो भिंतींवरून परत येतो. मोकळ्या मैदानात तीच टोपी लावून फिरणारे लोक दिसतात, तेव्हा तो प्रकाश आकाशातून परत येण्याची त्यांची अपेक्षा असावी, असे वाटून जाते.

दुसरी तडजोड न करण्याची गोष्ट म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचा शू. मधला बिंदू सगळीकडे सारखा असतो असे मी वर म्हटले, पण त्याला अपवाद आहेत आणि ते नेमके स्वस्त फ्लॅश घेणाऱ्यांच्या मुळावर येतात. कॅननच्या ईओएस ४०००डी आणि २५०डी यांसारख्या प्राथमिक श्रेणीतल्या काही कॅमेऱ्यांवर मधला बिंदूच दिलेला नाही. कॅननची भाषा जाणणारे फ्लॅश तेथे चालतात. साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा एकाच बिंदूवर चालणारा, फ्लॅशला दुरून पेटवणारा रेडिओ ट्रिगर मात्र बसतो आणि गप्प राहतो. सोनीने २०१२ मध्ये आपला मल्टी इंटरफेस शू आणला. त्याआधीच्या तिच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांवर मिनोल्टाकडून वारसाने आलेली अगदी वेगळ्या घडणीची खाच होती, त्यामुळे जुना सोनी कॅमेरा आणि नवा फ्लॅश यांच्यामध्ये जोडतुकडा लागतो. याच्या उलट बाजूचा धोका जुन्या फ्लॅशचा. १९७० च्या दशकात गाजलेल्या व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या नगांमध्ये मधल्या बिंदूवर दोनशे व्होल्टच्याही वर दाब असे. पूर्णतः यांत्रिक कॅमेऱ्यांना त्याचे काही वाटत नसे, पण आजच्या कॅमेऱ्यातली नाजूक सर्किटे एवढ्या दाबाने जळू शकतात. माळ्यावर सापडलेला असा फ्लॅश मीटरने मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. आजच्या फ्लॅशमध्ये हा दाब काही व्होल्टचाच असतो.

शटरच्या वेगाबद्दल थोडक्यात. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशबरोबर वापरता येणारा शटरचा सर्वांत जलद वेग, सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाच्या आसपास असतो. त्याहून वेगाने गेलो, तर शटरचे दोन पडदे एका फटीसारखे सरकतात आणि फ्लॅशचा एक झोत पूर्ण सेन्सरला मिळत नाही. भर उन्हात उघड्या अ‍ॅपर्चरने चेहऱ्यावर फ्लॅश टाकायचा असेल, तर हाय स्पीड सिंक लागते, ज्यात फ्लॅश अतिशय जलद गतीने लुकलुकत राहतो आणि ताकद बरीच गमावतो. योंगनुओच्या वायएन५६० ला हे येत नाही. गोडॉक्सच्या टीटी६०० ला येते, पण तो कॅमेऱ्यावर न ठेवता त्याच कंपनीच्या ट्रिगरने दुरून चालवला तरच. घरात, संध्याकाळी, स्टुडिओत काम करणाऱ्याला याची क्वचितच आठवण होते.

आता ज्या गोष्टीकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि जिचा परिणाम पुढे अनेक वर्षे राहतो, ती म्हणजे फ्लॅशच्या आतला रेडिओ. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवला, की त्याचा खरा उपयोग सुरू होतो. त्यासाठी कॅमेऱ्यावर ट्रिगर आणि फ्लॅशमध्ये त्याचा संदेश पकडणारी यंत्रणा लागते. याच क्षेत्रात बाहेरच्या कंपन्या केवळ स्वस्त न राहता सरस ठरल्या असे मला वाटते. कॅननने आपल्या फ्लॅशमध्ये अंगभूत रेडिओ आणला तो २०१२ मध्ये, ६००ईएक्स-आरटी या सर्वांत वरच्या मॉडेलपासून. निकॉनला त्यासाठी २०१६ चा एसबी-५००० यावा लागला. तोवर त्यांची बिनतारी व्यवस्था प्रकाशाच्या किंवा अवरक्त किरणांच्या इशाऱ्यांवर चालत होती, जी उन्हात आणि आडोशाला दगा देते. गोडॉक्स आणि योंगनुओ यांनी २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आपल्या स्वस्त मॅन्युअल फ्लॅशमध्येही बसवला, आणि कॅमेऱ्याजवळ उभे राहून, ट्रिगरवरची बटणे फिरवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या फ्लॅशची ताकद बदलण्याची सोय सर्वांच्या आवाक्यात आणली.

पण हे रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत. गोडॉक्सचा ट्रिगर योंगनुओच्या फ्लॅशला हाक मारू शकत नाही, आणि तिसऱ्या कंपनीचा ट्रिगरही सहसा या दोघांना हाक मारू शकत नाही. म्हणून पहिला फ्लॅश निवडताना आपण एक फ्लॅश घेत नसतो, एका घराण्यात शिरत असतो. पुढचा फ्लॅश, पुढचा ट्रिगर, पुढे कधी घ्यायचा मोठा स्टुडिओ लाइट हे सगळे त्याच घराण्यातले घेणे सोयीचे पडते. माझा कल या बाबतीत गोडॉक्सकडे आहे, आणि त्याचे कारण असे, की त्यांच्या रेडिओ व्यवस्थेत खिशात मावणाऱ्या फ्लॅशपासून मोठ्या स्टुडिओ लाइटपर्यंत सगळे एकाच ट्रिगरने चालते, आणि दुरून चालवताना कॅननसाठी बनवलेला फ्लॅश निकॉनच्या ट्रिगरखालीही टीटीएलमध्ये काम करतो. उद्या कॅमेरा बदलला, तर फक्त ट्रिगर बदलावा लागतो. ज्यांच्याकडे आधीच योंगनुओचे दोन-तीन फ्लॅश आहेत, त्यांनी केवळ या कारणासाठी ते टाकून देण्याची गरज नाही. वायएन५६० हा कष्टाळू फ्लॅश आहे.

रेडिओ नसलेला एखादा जुना फ्लॅश हाताशी असेल, तर त्याच्यावर एस१ आणि एस२ असे पर्याय आहेत का ते पाहावे. हे प्रकाशावर चालणारे स्लेव्ह मोड असतात. एस१ पहिला लखलखाट पाहताच पेटतो. एस२ टीटीएलचा तो आधीचा क्षीण झोत सोडून देतो आणि मुख्य झोताबरोबर पेटतो. मुख्य फ्लॅश टीटीएलवर असताना दुसरा फ्लॅश पेटताना तर दिसतो, पण चित्रात त्याचा मागमूस नसतो, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा चुकून राहिलेला एस१ हेच असते.

सेलच्या बाबतीत कंजूषपणा करून स्वस्त फ्लॅशला बदनाम करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. साधारण फ्लॅशला एए आकाराचे चार सेल लागतात. अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते आणि निकेल-मेटल हायड्राइडच्या रिचार्जेबल सेलवर १.२, त्यामुळे पहिले जास्त जोरदार असणार असे वाटते. प्रत्यक्षात फ्लॅश जेव्हा एकदम मोठा प्रवाह ओढतो, तेव्हा अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध आडवा येतो आणि त्याचा दाब कोसळतो, तर रिचार्जेबल सेल आपले १.२ व्होल्ट बऱ्यापैकी टिकवून धरतो. कानांनीही हे कळते: झोत गेल्यावर फ्लॅशमधून येणारी ती बारीक, चढत जाणारी शीळ चांगल्या सेलवर झटकन टोकाला पोहोचते आणि लाल दिवा लागतो, दमलेल्या अल्कलाइनवर ती रेंगाळत राहते आणि तोवर समोरच्याचे हसू मावळलेले असते. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप हे सेल आणले, तेव्हापासून नुसते ठेवून दिलेले सेल उतरून जाण्याची जुनी तक्रारही उरलेली नाही. त्या धर्तीचे चांगले सेल आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा चार्जर हा खर्च फ्लॅशच्या किमतीतच धरावा. गोडॉक्सच्या व्ही८६० मालिकेत चार सेलऐवजी लिथियमची बॅटरी असते. तिच्या दुसऱ्या पिढीच्या फ्लॅशसाठी कंपनी पूर्ण ताकदीचे सुमारे ६५० झोत आणि दीड सेकंदाच्या आसपास भरण्याचा वेळ सांगते. दिवसभर कार्यक्रम टिपणाऱ्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे हे सबळ कारण आहे, टीटीएलपेक्षाही सबळ. एक पथ्य मात्र पाळावे: भराभर भरतो म्हणून पूर्ण ताकदीचे झोत एकामागून एक मारत राहिले, तर नळी आणि तिच्या पुढचे प्लास्टिक तापते, आणि आतली सुरक्षा व्यवस्था फ्लॅशला मुद्दाम संथ करते. तो बिघाड नसतो.

स्वस्त फ्लॅशमध्ये खरी काटकसर कोठे झालेली असते, हे सांगायचे तर ती एकसारखेपणात झालेली असते. सारख्याच ताकदीला लागोपाठ मारलेले झोत खरोखर सारखे निघतात का आणि त्यांचा रंग सारखा राहतो का, हे तपासण्यासाठी साध्या पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा तिपाईवर लावावा, सगळे काही मॅन्युअल करावे, व्हाइट बॅलन्सही (रंगांची जुळवणी) दिवसाच्या प्रकाशावर बांधून टाकावा आणि एक चतुर्थांश ताकदीला, प्रत्येक वेळी दिवा लागेपर्यंत थांबून, एक मालिका काढावी. मग ती चित्रे पडद्यावर भराभर पुढे सरकवावीत. भिंत स्थिर दिसली, तर फ्लॅश चांगला. ती धडधडल्यासारखी उजळ-मंद होत असेल, तर तो नग परत करण्याच्या मुदतीतच परत करावा. ताकद कमी-जास्त केल्यावर रंग थोडा सरकतो, कमी ताकदीला निळसर झुकतो. तेवढे बहुतेक फ्लॅश करतात आणि ते सहन करण्यासारखे असते. दिवा लागल्यावरही फ्लॅश पूर्ण भरलेला नसणे ही मात्र स्वस्त फ्लॅशची हमखास खोड आहे. दिवा लागल्यावर एक श्वास थांबण्याची सवय लावून घेतली, की निम्म्या तक्रारी मिटतात.

कॅमेऱ्याची भाषा उलगडून शिकलेल्या फ्लॅशचा आणखी एक प्रश्न पुढच्या काळाचा असतो. कॅमेरा कंपनीने नवे मॉडेल आणले आणि भाषेत एखादा शब्द बदलला, की बाहेरचा टीटीएल फ्लॅश अडखळू शकतो. म्हणून ज्याला यूएसबीची खाच आहे आणि ज्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) कंपनी वेळोवेळी सुधारते, असाच टीटीएल फ्लॅश घ्यावा, आणि आपल्या नेमक्या कॅमेऱ्याचे नाव त्याच्या सुसंगत मॉडेलांच्या यादीत आहे का ते आधी पाहावे. अंधारात फोकससाठी फ्लॅशमधून पडणारी लाल जाळीही अशीच भाषेशी बांधलेली असते. डीएसएलआरला ती उपयोगी पडते, बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे मात्र तिच्याकडे लक्षच देत नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी जादा पैसे देण्यापूर्वी आपला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे ते आठवावे. मॅन्युअल फ्लॅशला यातली कोणतीच चिंता नसते. मधला बिंदू असेपर्यंत तो कोणत्याही कॅमेऱ्याशी जुळवून घेतो, आणि म्हणूनच त्याचे आयुष्य टीटीएल फ्लॅशपेक्षा अनेकदा जास्त निघते.

राहिला जुन्या, वापरलेल्या, पण नामांकित फ्लॅशचा पर्याय. कॅननचा ५८०ईएक्स किंवा निकॉनचा एसबी-९१० यांसारखे फ्लॅश वापरलेले घेतले, तर किमतीत ते नव्या स्वस्त फ्लॅशच्या बरोबरीला येतात. बांधणी भक्कम असते आणि भाषेचा प्रश्न नसतो. पण त्यांच्यात अंगभूत रेडिओ नाही, नळी किती झिजली आहे हे बाहेरून कळत नाही आणि फार काळ पडून राहिलेला कपॅसिटर पूर्ववत होण्यासाठी थोडा वेळ घेतो. फक्त कॅमेऱ्यावर ठेवून, छतावर बाउन्स करून कार्यक्रम टिपायचे असतील, तर मी असा फ्लॅश आनंदाने घेईन. प्रकाश कोठून यावा हे स्वतः ठरवत शिकायचे असेल, तर माझी पसंती रेडिओ असलेल्या साध्या मॅन्युअल फ्लॅशला, त्याच घराण्याच्या ट्रिगरला आणि चार उत्तम सेलना राहील. पुढे कार्यक्रमांची कामे वाढली, तर त्याच घराण्यातला टीटीएल फ्लॅश कॅमेऱ्यावर येतो आणि आधीचा मॅन्युअल त्याच ट्रिगरवर मागची भिंत किंवा केसांची कड उजळण्याच्या कामाला लागतो.